काळ्या मातीतली कबर

परभणी म्हटले की फेब्रुवारीत भरणारा हजरत शाह तुराबुल हक यांचा उर्स आठवतो. या मे महिन्यात आम्ही काही शिक्षक मंडळी मात्र वेगळ्या कामाने जिल्ह्यात फिरलो. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांकाठच्या लहान गावांतील कब्रस्ताने पाहायची आणि कबर खणणाऱ्यांशी बोलायचे, एवढाच बेत होता.

कब्रस्तानांच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. कापूस आणि ज्वारी पोसणारी ही काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते. बाजूला आत कोरलेली लहद तिच्यात ढासळते. म्हणून इकडे संदूकी कबर खणतात. मधोमध खाच, तिच्यावर पाटे किंवा फरशी, वर माती. शरियतने दोन्ही प्रकार मान्य केले आहेत.

"बारिश में कबर नै खोदते मास्टरसाब, बावडी खोदते," एक वयस्कर गोरकन म्हणाले. ऑगस्टमध्ये एक जण खणतो, दुसरा बादलीने पाणी उपसतो. शेवटी घाईघाईत उथळ कबरीवर भागवले जाते. उहुदच्या शहीदांसाठी कबरी खोल आणि रुंद खणण्याची ताकीद पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी जखमी, थकलेल्या सहाबांनाही दिली होती, हे येथे आठवावे.

मय्यतीपासून रोग पसरतो ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. प्रश्न पाण्याचा आहे. कोरड्या, हवा खेळणाऱ्या मातीत शरीर लवकर मातीत मिसळते आणि घाण तिथेच गाळली जाते. पाणी साचलेल्या मातीत हे काम रखडते. काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो. आपल्या विहिरी आणि बोअर याच मुरमातले, खडकाच्या फटींतले पाणी ओढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 1998 साली कब्रस्तानांवर एक अहवाल काढला. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून 250 मीटरच्या आत दफन नको आणि भूजलाची पातळी सर्वांत वर असतानाही कबरीच्या तळाखाली किमान 1 मीटर कोरडी माती हवी, असे त्यात म्हटले आहे. नायजेरियातील इबादान या जुन्या शहरात माणसाला घरातच, अंगणातच पुरण्याची चाल आहे आणि जवळच उथळ विहिरी असतात. तिथल्या जाणकारांना हीच काळजी आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी कब्रस्तान गावाबाहेर ठेवले होते. आता वस्ती त्याच्या भिंतीला टेकली आहे. 2016 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात जागा मिळेल तिथे बोअर घेतला जातो. एके ठिकाणी तर वुजूसाठीचा बोअर कब्रस्तानातच होता आणि शेजारच्या घरांतल्या बायाबापड्या पिण्यासाठी त्याच पाण्याचे हंडे भरत होत्या.

दुसरी अडचण सिमेंटची. कबर पक्की करण्यास हदीसमध्ये मनाई आहे, तरी कठडे आणि ओटे वाढतच आहेत. एक पक्की कबर ती जागा कायमची अडवते. मग नवी कबर कडेला, ओढ्याकडे, सखल भागात सरकते. मय्यत पूर्ण माती झाल्यावर त्याच जागी दुसरी दफन करण्यास हनफी फुकहांनी परवानगी दिली आहे. कच्ची कबरच ही सोय ठेवते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. मृग लागण्यापूर्वी जमातीने कब्रस्तानापासून जवळच्या बोअरपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. कमी भरले तर ते पाणी प्यायला वापरू नये आणि त्याची तपासणी करून घ्यावी. वरच्या अंगाला चर खणून पावसाचे पाणी बाहेर वळवावे. सर्वांत उंच भाग पावसाळ्यातील दफनासाठी राखून ठेवावा. मय्यतीबरोबर कबरीत प्लास्टिक जाऊ देऊ नये. मोकळ्या कडेला कडुनिंब लावावेत.

एका गावात तरुणांनी असा चर खणायला घेतलेला आम्ही पाहिला. गोरकन चाचा काठीने उताराची दिशा दाखवत होते.