पवनारला महंत नाही

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की सात-आठ किलोमीटरवर पवनार येते. खाली धाम नदी, पात्रात काळे खडक आणि वर टेकाडावर विनोबांचा परंधाम आश्रम. सेवाग्राम पाहून परतणारी मंडळी इथे घटकाभर डोकावतात, जमीन खणताना सापडलेल्या भरत-राम भेटीच्या मूर्तीपुढे हात जोडतात आणि मोटार गाठतात. मला मूर्तीपेक्षा तिथल्या भगिनींचे कुतूहल अधिक होते.

२५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी इथे ब्रह्मविद्यामंदिर स्थापन केले. मठ आपल्याकडे काय थोडे आहेत? पण ते पुरुषांचे. बायकांच्या वाट्याला फार तर कीर्तनातली सतरंजी! शंकराचार्यांच्या तोडीची ज्ञानी, विरक्त स्त्री निपजल्याखेरीज स्त्रियांची खरी सुटका नाही, असे विनोबांचे मत. म्हणून हा स्त्रियांच्या सामूहिक साधनेचा प्रयोग.

पहाटे ईशावास्य, पुढे विष्णुसहस्रनाम. सांगायला भटजी नाहीत. म्हणणाऱ्या आणि अर्थ लावणाऱ्या भगिनीच. शेती, सूतकताई, स्वयंपाक, झाडलोटही त्यांच्याच हातची. ‘मैत्री’ हे हिंदी मासिकही त्यांनीच चालवले. आणि या सगळ्यावर महंत म्हणून कोणी नाही. खुद्द विनोबांनीही ती गादी घेतली नाही. निर्णय सर्वांच्या संमतीने. मतदान नाही, एकीलाही पटले नाही तर विषय तूर्त बाजूला. आमच्या सोसायटीत पाण्याच्या पंपावरून झालेली सभा आठवून मला हसूच फुटले.

ही रीत अगदीच जगावेगळी नव्हे. ख्रिस्ती लोकांतल्या क्वेकर पंथाच्या जुन्या परंपरेत पाद्री नसतो. सारे निःशब्द बसतात. ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोलतो, मग तो पुरुष असो की बाई. त्यांचेही निर्णय मते मोजून होत नाहीत. याच पंथाच्या मार्जरी साइक्स १९४९ पासून दहाएक वर्षे शेजारच्या सेवाग्रामला नई तालीमच्या कामात होत्या. आश्रमातल्या कालिंदीताईंनी संकलित केलेले विनोबांचे आत्मकथन पुढे इंग्रजीत नेले ते मार्जरीबाईंनीच. ‘ख्रिस्तधर्म-सार’ लिहिणाऱ्या विनोबांच्या अंगणात हे नवल नव्हे.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, विनोबा इथेच गेले. संस्थापक गेला की संस्थेत किल्ल्यांवरून भांडणे लागतात, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे किल्ल्या कोणा एकीच्या कमरेला नव्हत्याच, म्हणून काम चालत राहिले. मला काळजी वाटली ती निराळीच. पाहिलेल्या बहुतेक भगिनींचे केस पांढरे होते. आजच्या मुलींना शिक्षण आहे, नोकरी आहे, घराबाहेर पडण्याचे शंभर मार्ग आहेत. त्यांतली एखादी जन्मभरासाठी या टेकाडावर का येईल?

न राहवून एका वृद्ध ताईंना विचारलेच, “ताई, तुमच्यानंतर हे कोण पाहणार?”

“इथं येईल ती पाहील,” त्या म्हणाल्या, आणि अंबाडीची जुडी माझ्यापुढे सरकवली. “बसलाच आहात, तर एवढी निवडून द्या.”