विहिरीविना पहिलं वर्ष



अक्षय्य तृतीयेला नव्या घरात येऊन आम्हाला वर्ष झालं. याच तिथीला राजा श्रेयांसाने आदिनाथ भगवंतांना उसाच्या रसाचा पहिला आहार दिला, म्हणून सासूबाईंनी गृहप्रवेशासाठी हाच दिवस धरला होता. पेठेतला वाडा भावांच्या वाटण्यांत विकसकाकडे गेला आणि आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर आलो. वर्षात मोठं असं काही घडलं नाही. पण ज्यांच्या घरी पाणी गाळायचा नियम आहे त्यांना विचारा, घर बदलणं म्हणजे काय असतं!

वाड्यात आड होता. शेंदलेलं पाणी दुहेरी कापडातून गाळायचं. कापडही मोजून घेतलेलं, छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस रुंद. मग गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं आणि ती जिवाणी, म्हणजे कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव, परत त्याच आडात सोडायची. वरून ओतायची नाही, आपटून जीव मरतात. बादलीच्या बुडाला कडी असते, तिला दुसरी दोरी बांधायची आणि बादली पाण्याला टेकली की ती ओढून अलगद उलटी करायची. त्र्याऐंशीव्या वर्षीही सासूबाईंचा हात यात चुकत नाही.

फ्लॅटमध्ये नळ. आता जिवाणी सोडायची कुठे? सोलापूरचं पाणी उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं, काही भीमेवरच्या टाकळीहून, काही हिप्परग्याच्या तलावातून. आपल्या तांब्यात नेमकं कुठलं आलं कोण सांगणार? तेही रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, खालच्या टाकीत साठतं, मग पंपाने गच्चीवर जातं. पहिले काही दिवस सासूबाई नळाला कापड बांधून गाळत होत्या, पण जिवाणीची वाटी हातात धरून मोरीपाशी नुसत्या उभ्या राहायच्या. मोरीत ओतवेना. हळूहळू त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. दिवसातून दोनदा, जेवताना तेवढं. एप्रिलअखेरचं सोलापूर, बेचाळीस अंश, आणि हे वय! मला रात्री झोप लागेना.

खालच्या टाकीत जिवाणी सोडू का, असं सोसायटीत विचारलं तेव्हा नकार मिळाला. वापरलेलं पाणी सगळ्यांच्या टाकीत कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मग सासूबाई स्वतः जिना उतरून गेल्या. म्हणाल्या, ‘बाळा, नळाचं नकोच मला. टाकीच आमचा आड समज. तिथेच बादलीभर शेंदीन, तिथेच गाळीन आणि त्यातलंच वाटीभर लगेच परत सोडीन. बाहेरचा थेंबही जाणार नाही.’ स्टीलची बादली फक्त त्याच कामाची ठेवायची आणि झाकणाला कुलूप लावायचं, एवढ्या अटीवर परवानगी मिळाली. किल्ली आमच्याकडे आहे. रोज सकाळी आमचे हे शेंदतात, सासूबाई गाळतात. वर आणून मी ते उकळते, कारण नुसतं गाळलेलं अठ्ठेचाळीस मिनिटंच चालतं, उकळलेलं चोवीस तास. दिवसाला गॅस किती जास्त लागतो ते मी वहीत लिहिते. बी.कॉम. केलं त्याचा उपयोग एवढाच, असं हे म्हणतात!

स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात भट्टी होते, पोळ्या सकाळीच उरकाव्या लागतात. पण वाड्यात घड्याळाकडे बघत ताटं वाढायचो, इथे सूर्यच समोर दिसतो. डिसेंबरात सहाच्या आत मावळतो, जूनअखेर सातपर्यंत थांबतो.

देऊळ मात्र पेठेतच राहिलं. दर्शनाशिवाय सासूबाई तोंडात पाणी घेत नाहीत. रिक्षा महिन्याने लावली आहे, तरी भाद्रपदात एका मुसळधार सकाळी ती आली नाही आणि दुपारी बारापर्यंत त्या तशाच माळ घेऊन बसल्या. त्या दिवशी मी म्हटलं, घरीच चैत्यालय करू या. रोजचा अभिषेक-पूजा मी करीन. त्यांनी लगेच नाही म्हटलं. ‘आज तू करशील. तुझ्यानंतर?’

मुलगा-सून पुण्यात असतात. दोघं नोकरीत, जेवायला रात्रीचे नऊ वाजतात. एकदा प्रतिमा विराजमान केली की तिची पूजा एक दिवसही चुकवून चालत नाही. मी गप्प बसले. सासूबाईंनीही विषय पुन्हा काढला नाही, फक्त रिक्षावाल्याच्या मुलाचा नंबर मला दुसरा म्हणून लिहून ठेवायला सांगितला.

वाड्यातले अकरा तांब्याचे हंडे इथे मावले नाहीत. परिग्रहपरिमाणात भांडी-कपड्यांना ‘कुप्य’ म्हणतात. चातुर्मासात त्याची यादी केली, दोन हंडे ठेवले, बाकीचे नातेवाइकांत वाटले. साड्यांची यादी अजून झालेली नाही, त्याविषयी विचारू नका.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या ताई गाळण्याचं कापड मागायला आल्या. त्यांना नियम वगैरे काही नको होता, नळाला बांधायला हवं होतं. सासूबाईंनी नवं कापड काढून मोजून फाडलं, दुहेरी करून दिलं आणि म्हणाल्या, ‘धुशील तेव्हा ते पाणी मोरीत नको ओतूस. सकाळी खाली घेऊन ये, आम्ही टाकीपाशी असतोच.’

त्या रोज येत नाहीत. पण रविवारी येतात.