मामांची उन्हाळ्याची वही

आसिफाबादहून राजुऱ्याच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की वांकिडी लागते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून पलीकडे गेला आणि वांकिडी अलीकडे राहिली. पुढे २०१६ मध्ये तिचा जिल्हाही बदलून कुमुरम भीम आसिफाबाद झाला. वैशाखाचे ऊन मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखेच.

त्याच वर्षी मे महिन्यात मी आसिफाबाद रोड स्थानकावर उतरून मामांकडे गेलो. मामा निवृत्त शिक्षक. अंगणाच्या पश्चिम भिंतीवर त्यांनी तापमापक टांगला होता आणि रोज दुपारचा आकडा ते वहीत टिपून ठेवीत. १९ मे रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश तापमान नोंदले गेले, १९५६ मधील अलवरचा ५०.६ अंशांचा उच्चांक मोडला, ही बातमी आली. मामा वही पुढे करून म्हणाले, "यात नवल ते काय? आपल्याकडे पन्नास रोजचेच!"

मला गप्प बसवेना. वेधशाळेचा तापमापक उन्हात नसतो, हे मी त्यांना सांगितले. तो मोकळ्या जागी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. वारा आत खेळावा, पण ऊन पडू नये, आणि दारही आपल्याकडे उत्तरेलाच असावे, अशी त्या पेटीची रचना. भिंतीवरचा तापमापक हवेचे नव्हे, तर स्वतःचे आणि तापलेल्या भिंतीचे तापमान सांगतो. मोठमोठ्या नोंदीही अशा परीक्षेत टिकत नाहीत. लिबियातील अल अझिझिया येथील १९२२ सालचा ५८ अंशांचा जागतिक उच्चांक नव्वद वर्षांनी, २०१२ मध्ये, रद्द ठरला.

मामांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तापमापक उत्तरेच्या ओसरीत, भिंतीपासून दूर टांगला. आकडा एकदम खाली आला. मामी हसून म्हणाल्या, "घ्या, एका खिळ्याने उन्हाळा सरला!"

मामा हसले नाहीत. रात्री कवेलूंच्या छपराबाहेर, अंगणात बाजेवर पडल्यावर ते बोलले. आदल्या वर्षी, २०१५ च्या मे महिन्यात, आंध्र आणि तेलंगणात उष्म्याने दोन हजारांहून अधिक माणसे दगावली होती. त्याच दिवसांत त्यांचा सालगडी भर दुपारी शेतात कोसळला होता. नशिबाने वाचला. "सकाळी त्याने विचारले होते, आज ऊन जास्त आहे का? मी म्हणालो, रोजच्यासारखेच. माझ्या वहीत रोजच पन्नास. घातक दिवस कोणता, हे मला कळावे कसे?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वांकिडी काही वाळवंट नव्हे. साग आणि मोहाचा हा मुलूख, पाऊसही भरपूर. परंतु वैशाखात आकाश निरभ्र, जमीन कोरडी, झाडे निष्पर्ण. सूर्याची सारी उष्णता माती आणि हवा तापविण्यातच खर्च होते. सपाटीवर पारा पंचेचाळीसला पोहोचला की हवामानखाते उष्णतेची लाट मानते, सत्तेचाळीसला तीव्र लाट. हिवाळ्यात याच जिल्ह्यातील गिन्नेधरी आणि सिरपूर (यू) ही नावे राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांत वाचावयास मिळतात.

मामांनी नवी वही घातली. तीत दोन रकाने केले: एक दुपारचा, दुसरा पहाटेचा. रात्र निवली नाही तर थकलेल्या देहाला विसावा मिळत नाही, म्हणून पहाटेचा आकडा चढलेला दिसला की शेतातले काम दहाच्या आत आटोपावयाचे, असा नियम त्यांनी घालून दिला.

मामा आता नाहीत. गेल्या खेपेस गेलो तेव्हा वही त्याच खुंटीला होती. शेवटच्या पानावरची अक्षरे मामींची होती. त्या दिवसाचा पहाटेचा आकडा भरलेला होता आणि सालगडी ओसरीत बसून भाकरी खात होता.