अंगणातली शिरगणती

पक्षिनिरीक्षण म्हटलं की महागडी दुर्बीण, खाकी टोपी आणि पहाटे चारला उठणं, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. मी यंत्रांतला माणूस, पण न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी चहा पितापितासुद्धा या शास्त्राची मुळाक्षरं गिरवता येतात, हे अनुभवाने सांगतो.

पहिलं अक्षर आकाराचं. पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? दुसरं चोचीचं. इंजिनिअरच्या भाषेत चोच म्हणजे अवजार! कार्डिनलची जाडजूड चोच म्हणजे अडकित्ता. सूर्यफुलाचं बी कटकन फोडते. सुतारपक्ष्याची पटाशी. मग रंग, शेपटी, आवाज.

नावांवर मात्र फार विसंबू नये. इथला रॉबिन इंग्लंडच्या रॉबिनचा सख्खा सोडा, चुलत भाऊही नाही. तो आपल्या कस्तूरच्या कुळातला. इथे आलेल्या इंग्रजांना तांबूस छाती दिसली, घर आठवलं आणि त्यांनी नाव चिकटवून टाकलं. आमची आई इथे आली तेव्हा तिनेही कार्डिनलचं बारसं केलं, 'तुरेवाले'! परमुलखात सगळ्यांचं असंच होत असावं.

आईने आणखी एक केलं. रोज किती पक्षी आले ते कालनिर्णयच्या चौकटीत लिहू लागली. मला आधी गंमत वाटली. पण हाच खरा अभ्यास. १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं, पक्षी मारण्याऐवजी मोजा. २७ जण तयार झाले. ती गणना अजून दर हिवाळ्यात होते. अशा हौशी मंडळींच्या नोंदींच्या आधारेच २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की १९७० पासून अमेरिका आणि कॅनडात मिळून जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाले. म्हणजे चारांतला एकाहून अधिक! त्यात नेहमीचे, साधेसुधे पक्षीच फार.

सुट्टीत पुण्याला गेलं की आपण हळहळतो, "अहो, चिमण्या कुठे गेल्या?" पण आपल्या वाड्यात होत्या किती, हे कुणी लिहून ठेवलं होतं?

आई परत गेली. आता चौकटी आमची मुलगी भरते. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते. १९९८ पासून चालू आहे. पंधरा मिनिटं पुरतात. मंडळी, यंदा तुम्हीही मोजा, आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवा.