पाचोऱ्यास उतरावे

अजिंठ्याची लेणी पाहायची तर पाचोऱ्यास उतरावे, अशी सूचना जुन्या प्रवासपुस्तकांत असे. पाचोऱ्याहून पी.जे. पकडायची, म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी गाडी. पहूरला उतरायचे आणि तिथून बैलगाडी, टांगा, जे मिळेल ते. हल्ली सगळे जळगावहून नाहीतर छत्रपती संभाजीनगरहून जातात. मीही आजवर तसाच गेलो होतो. पाचोऱ्याला जायची बुद्धी झाली ती थायलंड आणि कंबोडिया यांच्या तोफांमुळे.

जुलै २०२५ मध्ये ते दोन देश सीमेवर पुन्हा भिडले. त्यांच्या भांडणाच्या मुळाशी कड्याच्या टोकावरचे एक शिवमंदिर आहे, प्रेह विहार. मंदिर कंबोडियाचे, पण तिथे चढायची सोपी वाट थायलंडच्या बाजूने. कंबोडियाकडून उभा कडा. बातम्या बघता बघता एक मित्र सहज म्हणाला, "म्हणजे आपल्या अजिंठ्यासारखंच की. लेणी निजामाची आणि स्टेशन इंग्रजाचं." तो पुढे क्रिकेटकडे वळला, मी मात्र त्या वाक्यात अडकलो. सप्टेंबरात पाचोऱ्याचे तिकीट काढले.

स्टेशनजवळच्या लॉजबद्दल थोडक्यात सांगतो. खोलीला खिडकी होती, पण ती जिन्यात उघडत होती. गरम पाणी "सकाळी सहा ते सात" मिळणार होते. सकाळी सहा ते सात वीज नव्हती. डासांना मात्र कसलेही वेळापत्रक नव्हते. याची भरपाई जेवणाने केली. शेवभाजीवरचा तांबडा तवंग बाजूला सारत भाकरी बुडवली आणि डोळ्यांतून पाणी काढत संपवली. खानदेशात हे पाणी यजमानाला मिळालेली पावती समजतात.

पी.जे.चे रूळ बघायला गेलो. अडीच फुटी रुळांवर खेळण्यासारखी दिसणारी ती गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास धावू लागली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला पोचायची. कापूस आणि माणसे दोन्ही एकाच संथ गतीने न्यायची. कोरोनाच्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. मार्ग रुंद करण्याच्या गोष्टी चालू आहेत. टपरीवरचा म्हातारा म्हणाला, "गाडी हळू होती भाऊ, पण येत तर होती." त्यावर मी दुसरा चहा मागवला.

पाचोऱ्यात इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता मिळाला होता. नाव छापायचे नाही ही त्यांची अट. संध्याकाळी गेलो तर सर नकाशा पसरूनच बसले होते, आणि नमस्कार व्हायच्या आत वादाला सुरुवात झाली.

३० डिसेंबर १८०३. असईच्या लढाईला तीन महिने झाले होते. सुर्जी-अंजनगावला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा, गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडून दिला. जालना गेले, गंगापूर गेले. उत्तरेकडे बऱ्हाणपूर आणि अशीरगड शिंद्यांना परत मिळाले. पाचोरा परगणाही शिंद्यांकडेच होता. तो इंग्रजांच्या हाती यायला १८४० चे दशक उजाडले. थोडक्यात, या तहाने एकाच धन्याच्या मुलखातून डोंगराची रेघ ओढली, आणि पुढे दक्षिणेकडची बाजू निजामाची झाली.

"आता मला सांगा," मी म्हटले, "डोंगर ही हद्द, म्हणजे नेमकं काय? माथा की पायथा? कारण वाघूर नदी लेण्यांच्या दरीतून उतरते ती उत्तरेला, पहूरवरून तापीकडे. पाणलोट धरला तर लेणी खानदेशची. मग ती निजामाकडे कशी? आणि फर्दापूर, सोयगाव ही तर सरळ घाटाखालची गावं. तीही मोगलाईत, म्हणजे निजामाकडे!"

सरांनी चष्मा काढला. "पाणलोट तुम्ही कुठून आणलात?"

"प्रेह विहारच्या खटल्यातून."

तो खटला सरांना माझ्याहून चांगला ठाऊक होता. १९०४ च्या करारात सयाम (म्हणजे आजचे थायलंड) आणि फ्रेंच इंडोचायना यांनी पाणलोटाची रेघ हीच सीमा मानली. १९०७ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी नकाशा काढला आणि त्यात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवले. थायलंडचे म्हणणे, पाणलोटाने ते आमचेच. पण सयामने नकाशावर तेव्हा हरकत घेतली नाही. उलट राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानून आणखी पंधरा प्रती मागवल्या. हे दामरोंग स्वतः इतिहासकार. १९३० मध्ये ते पुरातत्त्वाच्या आवडीने मंदिर पाहायला गेले, तर तिथे फ्रेंच रेसिडेंट गणवेश चढवून, फ्रेंच झेंडा लावून स्वागताला उभा. राजपुत्रांनी पाहुणचार घेतला आणि परतल्यावर आभाराचे पत्र आणि फोटो पाठवले. १९६२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचे ठरवले, तेव्हा हा पाहुणचारही थायलंडच्या विरुद्ध गेला.

"म्हणून मी कुणाकडे चहा घेताना विचार करतो," सर म्हणाले आणि माझ्यापुढे कप सरकवला. "तुमची गफलत अशी की १८०३ चा तह पाण्याबद्दल नाही, परगण्यांबद्दल आहे. कोणत्या गावचा वसूल कुणाच्या कचेरीत जायचा, एवढंच लोकांना कळत होतं. गावाची शीव पाटलाला पाठ असायची. राज्याची शीव कुणालाच पाठ नव्हती. डोंगराची रेघ तहनाम्यात ओढली ती लांबून, आणि जमिनीवर जुने परगणे जसे होते तसे राहिले."

मला हे पटले, पण कबूल केले नाही. इतिहासकाराला एवढ्या लवकर जिंकू देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने शेंदुर्णी. त्रिविक्रमाच्या देवळात हात जोडले आणि सोयगावकडे जाणाऱ्या काळीपिवळीत अकरावा प्रवासी म्हणून शिरलो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मका, आणि समोर अजिंठ्याची डोंगररांग पावसाने काळीशार. हद्द कुठे ओलांडली हे एका पाटीखेरीज कशानेही कळले नाही. माती तीच, बोली तीच. "सोयगावले उतरायचं ना?" असे ड्रायव्हर शेंदुर्णीत ज्या हेलात बोलला त्याच हेलात सोयगावातही बोलला.

पण तारीख १७ सप्टेंबर होती. शेंदुर्णीत तो एक साधा बुधवार होता. सोयगावात पांढऱ्या गणवेशातली पोरे झेंडावंदन उरकून परतत होती, एकाच्या हातात अर्धा खाल्लेला लाडू होता. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. डोंगरापलीकडे न जाता, खानदेशच्याच मातीत उभे राहून मी मराठवाड्यात आलो होतो.

या जागी पूर्वी दोन राज्ये होती, हे जुन्या घरांत अजून सांगतात. पलीकडे इंग्रजी कलदार रुपया, इकडे निजामाचा हाली सिक्का. साधारण सहा कलदारांना सात हाली. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरायची. लेक मोगलाईत दिली की माहेरचा आहेरही नाक्यावर सोडून दाखवावा लागे, असे माझ्या शेजारी बसलेल्या आजी सांगत होत्या. त्यांनी ते पाहिले नव्हते, सासूकडून ऐकले होते, पण राग त्यांचा स्वतःचा होता.

इथे वऱ्हाडाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण हद्दीच्या भांडणावर काढता येतील तेवढे सगळे तोडगे त्या एका प्रांतावर करून झाले आहेत. वऱ्हाड इथून फार लांब नाही, जामनेरच्या पूर्वेला थोडे गेले की मलकापूर. देवगावच्या तहाने तो नागपूरच्या भोसल्यांकडून निजामाला मिळाला, पुन्हा १८०३ च. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी तो निजामाकडून गहाणासारखा घेतला. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग तो परत मागून थकले. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने नामी युक्ती काढली: मालकी निजामाची, कारभार कायमचा आमचा, आणि वर्षाला पंचवीस लाख रुपये भाडे. निजामाला ते सलत राहिले. शेवटचे निजाम उस्मान अलींनी विषय पुन्हा उकरला तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने पत्र लिहून सुनावले की ब्रिटिश सत्तेशी बरोबरीने बोलायचा अधिकार हिंदुस्थानातल्या कोणत्याही संस्थानिकाला नाही. १९३६ मध्ये मग मलम म्हणून 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम' हा किताब दिला आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' केले. जमीन नाही, पण नाव मिळाले. मला हा तोडगा सुरुवातीला हुशारीचा वाटायचा. पण ऐंशी वर्षे चाललेल्या तक्रारीला किताबाने झाकता येते, मिटवता येत नाही.

मग जून १९४७ मध्ये निजामाने आपण १५ ऑगस्टपासून स्वतंत्र, असे जाहीर केले आणि सोयगावची शीव एकाएकी दोन देशांची सीमा झाली. २९ नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला. समुद्र नव्हता म्हणून निजामाच्या माणसांनी पोर्तुगीजांच्या मुरगावकडेही डोळा लावला. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रे आणत राहिला. गावोगावी निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार फिरू लागले. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन जाण्याआधी सार्वमताचा मसुदा तयार होता. निजामाने तो नाकारला. ऑगस्टमध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. तिकडे पॅरिसमध्ये चर्चेची तारीख पडते न पडते तोच १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला सगळे संपलेही.

रात्री फोनवर सरांना म्हटले, "हैदराबाद देश कधी नव्हताच. रीडिंगच्या पत्रानंतर तर नाहीच."

"मग सुरक्षा परिषदेच्या यादीत तो विषय पुढे कित्येक वर्षे कसा राहिला?" सर म्हणाले. "आणि पाच दिवसांत मिटलं म्हणता, तर सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल वाचा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. कारवाईच्या वेळी आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली, हा त्यांचा 'कमीत कमी' अंदाज. पासष्ट वर्षं तो अहवाल दाबून ठेवला होता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. सतरा सप्टेंबरचे झेंडे रास्तच आहेत. रझाकारांचा जाच खरा होता आणि त्याविरुद्ध उभे राहिलेले लोकही खरे होते. पण झेंड्याच्या बाजूला तो अहवालही ठेवावा लागतो.

अजिंठ्याबद्दल फारसे लिहीत नाही. पद्मपाणी तिथेच आहे, गर्दीही तिथेच आहे. गाईडने बॅटरीचा झोत टाकून तीन लेण्यांत एकच विनोद सांगितला आणि चौथ्यात तो विसरला, तेव्हा आठवण मीच करून दिली. एकच गोष्ट या वेळी नव्याने दिसली. निजामाने या लेण्यांवर मन लावून खर्च केला होता. १९२० मध्ये इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना आणून चित्रे सांभाळली. पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ काढला, पहिला १९३० मध्ये. त्याच साली दामरोंग फ्रेंच झेंड्याखाली पाहुणचार घेत होते. याझदानींची कला-निष्ठा निखळ होती याबद्दल मला शंका नाही. पण चित्रांची काळजी घेणे हाही हक्क बजावण्याचाच एक मार्ग असतो, आणि पाचोऱ्याला उतरून लेण्यांत आलेल्या प्रत्येक गोऱ्या पाहुण्याला इथला धनी कोण ते न सांगता कळत होते.

तरीही अजिंठ्यावरून तोफा डागल्या गेल्या नाहीत. १९५६ मध्ये मराठवाडा, वऱ्हाड आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात आले, १९६० पासून महाराष्ट्रात. शीव होती तिथेच राहिली, फक्त तिच्यावरून भांडण्याचे कारण सरले. ती जिल्ह्याची झाली. आता फर्दापूरचा शेतकरी कर्जासाठी एका जिल्ह्यात आणि कापूस विकायला दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि त्रागा करतो तो फक्त तलाठ्यावर. थायलंड आणि कंबोडियाच्या डोक्यावर असे एकच छप्पर येणार नाही. न्यायालयाने १९६२ मध्ये मंदिर कंबोडियाला दिले, २०१३ मध्ये मंदिराखालचा डोंगराचा सुळकाही. पण वाट कुणाची ते कुणी सांगितले नाही. जुलैतली शस्त्रसंधीही टिकली नाही. माझ्या मते मालकी जिथे आहे तिथे राहू द्यावी आणि दरवाजा दोघांचा करावा: तिकीटघर एक, पायऱ्या दोन्हीकडून, सैनिक दोन्हीकडचे मागे.

हे सगळे परतीच्या वाटेवर सरांना सांगायला पाचोऱ्याला पुन्हा उतरलो. पुरावा म्हणून वाघूर सोबत होतीच. लेण्यांच्या पायथ्याशी पाहिलेले पाणी धरणात साठून जळगावच्या नळांना येते. लेणी एका जिल्ह्याची, पाणी दुसऱ्याचे आणि कुणाचे काही अडत नाही. सरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, भरिताची ताटली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले,

"मालकी एकाची, वापर दोघांचा. बरोबर? हेच कर्झनने केलं होतं. आता एवढंच सांगा, तुमच्या त्या मंदिराचे पंचवीस लाख कोण कुणाला देणार?"