हाय खाल्लेले हृदय

‘आजोबा गेले आणि आजीने हाय खाल्ली.’ हे वाक्य कधीच बोलले गेले नाही असे मराठी घर विरळाच. तेराव्याच्या आत आजीही गेली, तर कोणी फारशी चौकशी करत नसे. धसका घेतला, एवढे कारण सगळ्यांना पुरायचे. शिकलेल्या पिढीला मात्र हे पटेना. दुःख मनाला होते, हृदय म्हणजे रक्त ढकलणारा नुसता पंप. त्याचा आणि दुःखाचा काय संबंध? गंमत अशी, की अखेर वैद्यकशास्त्रानेच आजीच्या बाजूने साक्ष दिली, आणि तीही जपानी कोळ्यांच्या मडक्याचे नाव घेऊन.

जपानात ऑक्टोपस पकडण्यासाठी समुद्रात मडकी सोडतात. गळा अरुंद, पोट फुगीर. या मडक्याला तिथे ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. १९९० मध्ये हिरोशिमाचे डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या हृदयाचे वर्णन करताना हे नाव वापरले. छातीत कळ, धाप, ईसीजीत बदल, रक्ताच्या तपासणीत हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण. सगळे हार्ट अटॅकसारखेच. पण अँजिओग्राफीत त्याला कारण ठरावा असा अडथळा सापडत नाही. उलट हृदयाचा डावा कप्पा आवळतो तेव्हा वरचा भाग जोरात आकसतो आणि खालचे टोक ढिले पडून फुगते. चित्रात तो कप्पा हुबेहूब त्या मडक्यासारखा दिसतो.

२००४ च्या ऑक्टोबरात जपानच्या निइगाता भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या दिवसांत तिथल्या रुग्णालयांत असे रुग्ण एकाएकी वाढले, आणि त्यांत बहुतेक वयस्क बायका होत्या. हा योगायोग नव्हता. २०१५ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या १,७५० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या शंभरातल्या जवळजवळ ९० स्त्रिया, आणि सरासरी वय ६७ च्या आसपास. निमित्त मात्र दर वेळी दुःखाचे नव्हते. दमा, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग अशी शरीराची निमित्ते मनाच्या धक्क्यांपेक्षा जास्तच होती, तर चौथ्या हिश्शाहून अधिक जणांत कोणतेच निमित्त सापडले नाही. शिवाय मुलाचे लग्न, वाढदिवस अशा आनंदाच्या प्रसंगीही थोड्या जणींचे हृदय असे फुगले होते. वरमाईला दगदग होते ती काही उगाच म्हणत नाहीत!

पण बायकांनाच का, आणि तेही पाळी गेल्यावरच का? धक्का बसला की शरीरात ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा येतो. हृदयाच्या टोकाशी त्याचा परिणाम झेलणारी केंद्रे जास्त असल्याने तिथला स्नायू काही काळ बधिर होतो, असा अभ्यासकांचा कयास आहे. तरुणपणी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक रक्तवाहिन्या सैल ठेवते आणि या लोंढ्याची धार थोडी बोथट करते. जपानी शास्त्रज्ञांनी अंडाशय काढलेल्या उंदरिणींना ताण दिला, तेव्हा त्यांच्या हृदयाचे काम अधिक मंदावले. ज्यांना इस्ट्रोजेन दिले, त्यांना त्रास कमी झाला. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीला जाते, म्हणजे पाश्चात्त्य बायकांहून काही वर्षे आधीच. गर्भपिशवी काढताना ‘कशाला ठेवायचे’ म्हणून अंडाशयही काढून टाकले, तर हे संरक्षण त्याच दिवशी संपते. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना हा प्रश्न किती घरांत विचारला जातो?

मग गोळ्या घेऊन इस्ट्रोजेन भरून काढावे का? इतके सोपे नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी जोडगोळी घेणाऱ्या बायकांत स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकारही वाढलेले दिसले, आणि चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. हृदयासाठी म्हणून या गोळ्या दुकानातून आणून घेण्यात शहाणपण नाही. शेवटी पाळी तर प्रत्येकीचीच जाते, हृदय मात्र फार थोड्या जणींचे असे फुगते.

इथे आनुवंशिकतेचा विचार येतो. आई आणि मुलगी, किंवा सख्ख्या बहिणी अशा दोघींनाही हा विकार झाल्याच्या नोंदी आहेत. ॲड्रिनलिनला दाद देणाऱ्या केंद्रांची जनुके त्यासाठी तपासली गेली, पण एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळेना. ‘हाच तो दोषी’ असे बोट ठेवावे असा एकही जनुक हाती आलेला नाही. तेव्हा आईला झाले म्हणून मुलीने आयुष्यभर धास्ती घेऊ नये. धास्तीनेच भलते व्हायचे.

खरी अडचण घरात आहे. पासष्टीच्या आई पहाटे उठून ओट्याशी उभ्या. छातीत भरून आले तरी त्या सांगत नाहीत. सुनेच्या लक्षात आले तर, “आई, चेहरा का असा झालाय?” “काही नाही गं, रात्री वाटाण्याची उसळ जड गेली असेल.” मग ओवा, सोडा, पित्ताची गोळी. मुलगा घाईत म्हणतो, “टेन्शन नको घेऊस, आई.” यात चार तास जातात. हे ताकोत्सुबो आहे की खराखुरा अटॅक, हे घरी कोणालाही ओळखता येत नाही. डॉक्टरांनाही सहसा अँजिओग्राफीशिवाय खात्री देता येत नाही. म्हणून आधी रुग्णालय, ओवा मागाहून.

दुसरी चूक नंतर होते. अँजिओग्राफी स्वच्छ निघाली, की घरात सुटकेचा निःश्वास आणि त्यापाठोपाठ कुरकूर: “काहीच निघाले नाही. मनाचेच होते, उगाच एवढा खर्च.” काही निघाले नाही कसे? वरच्याच पाहणीत रुग्णालयात असतानाच शंभरातले सुमारे चार जण दगावले होते. बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते हे खरे, पण तोवर त्या आजारीच असतात. ‘मनाचे आहे’ म्हणून त्यांना चौथ्या दिवशी पोळ्या लाटायला उभे करणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. हृदय सावरले की नाही हे पाहायला पुन्हा सोनोग्राफीसारखी ‘इको’ तपासणी करावी लागते. काही जणींना हा विकार पुन्हा होतो, तेव्हा ती चुकवू नये.

आणि डॉक्टरांनी “अलीकडे काही घडले का?” असे विचारले, तर आई “विशेष काही नाही” म्हणणार हे ठरलेलेच. मागच्या आठवड्यात त्यांचा पाठचा भाऊ गेला, हे सोबत गेलेल्या मुलाने किंवा सुनेने सांगायला हवे.