माझ्याही डोक्यात होत्या!

मुलांनो, आधी एक गंमत करू या. हा लेख वाचताना तुमचा हात जितक्या वेळा डोक्याकडे जाईल तितक्या वेळा मनात आकडा मोजा. शेवटी किती झाले ते बघू. मी तर लिहायला बसल्यापासून तीनदा डोकं खाजवून झालंय!

कारण आज मी सांगणार आहे उवांबद्दल. ‘ऊ’ म्हणजे एका अक्षराचा शब्द, पण वर्गात कुणी नुसता उच्चारला तरी सगळे खुसूखुसू हसतात आणि एखादी मुलगी मान खाली घालते. आमच्या वर्गातही एकीने अशीच मान खाली घातली होती. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण तिला मालन म्हणू.

१९७८ साल. कृष्णाकाठचं आमचं गाव. मी पाचवीत होते. मालन आणि मी एका बाकावर बसायचो. मालनचे केस कमरेपर्यंत लांब. तिच्या दोन वेण्या लाल रिबिनींनी वर बांधल्या तरी खांद्याखाली लोंबायच्या. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून गोष्टीचं एकच पुस्तक वाचायचो. माझं पान आधी वाचून व्हायचं, मग मी तिच्या वेणीशी खेळत बसायची.

श्रावणातल्या एका रविवारी आजी मला न्हाऊ घालून परसदारी पायरीवर घेऊन बसली. तिने फणेरपेटी उघडली, लाकडी फणी काढली, मांडीवर जुन्या धोतराचं पांढरं फडकं पसरलं आणि फणी फिरवली. “अगं बाई! इथं तर जत्रा भरलीय!”

फडक्यावर तिळाएवढ्या करड्या उवा वळवळत होत्या. मी रडायलाच लागले. आजी हसली. “रडतेस काय? डोकं आहे म्हणून उवा आहेत. काढू की!” मग दर तीन-चार दिवसांनी आजी मला तेल लावून धरून बसवायची. केस ओढले जायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण उवा कमी कमी होत गेल्या. आजीने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, “शेजारी कोण बसतं तुझ्या? तिला सांग. तिच्या आईला बघू दे तिचं डोकं.”

मी मान डोलावली आणि सांगितलं नाही. मुली हसतील, बाकावरून उठवतील, अशी भीती वाटली.

पुढे महिन्याभराने गणिताच्या तासाला बाईंचं लक्ष मालनकडे गेलं. ती सारखं कानामागे खाजवत होती. बाईंनी तिला पुढे बोलावलं, केस बाजूला करून पाहिलं आणि चटकन हात मागे घेतला. वर्गात हशा पिकला. मग बाईंनी मला उभं केलं. “तू हिच्या शेजारी बसतेस ना? तुझं डोकं खाजतं का गं?”

आता मला खरं सांगता आलं असतं. पण मी म्हणाले, “हो बाई. हिच्या शेजारी बसल्यापासूनच.”

मालनने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. नुसतं पाहिलं.

त्या दिवसापासून मालन शेवटच्या बाकावर एकटी. कुणी तिला पेन्सिलही देईना. चुकून तिचा हात लागला तर मुलं ‘मालनची ऊ, मालनची ऊ’ करत एकमेकांना शिवायची. मग ती चार दिवस शाळेत आलीच नाही. पाचव्या दिवशी आली ती डोक्याला रुमाल बांधून. खेळताना कुणीतरी तो ओढला. कमरेपर्यंतचे केस कानाच्या वर कापलेले होते. कानामागची आणि मानेवरची कातडी लालभडक झाली होती. तिच्या आईने घाबरून डोक्याला रॉकेल चोळलं होतं.

त्या रात्री मी जेवले नाही. आजीने विचारलं तशी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “उद्या मी येते शाळेत.”

आणि ती आली! नऊवारी सावरत थेट वर्गात. सगळ्यांसमोर बाईंना म्हणाली, “बाई, माझ्या नातीच्या डोक्यातपण उवा होत्या, महिन्यापूर्वी. मी काढल्या. एकट्या त्या पोरीला कशाला मागं बसवलंत? सगळ्यांची डोकी बघा.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण बाईंनी खरंच सगळी डोकी तपासली. अकरा जणींच्या डोक्यात उवा निघाल्या, दोन मुलांच्याही निघाल्या! त्यातल्या काही मुली मालनला सर्वांत जास्त चिडवणाऱ्या होत्या. बाईंनी मालनला पुढे बोलावलं आणि कुठे बसायचं ते तिलाच विचारलं. तिने खिडकीजवळची जागा मागितली. माझ्या शेजारची नाही.

मुलांनो, तेव्हा मला उवांबद्दल काहीच माहीत नव्हतं. आमच्या बाईंना आणि मालनच्या आईलाही नव्हतं. आज जे माहीत आहे ते तेव्हा कळलं असतं, तर मालनचे केस वाचले असते. म्हणून आता नीट ऐका.

ऊ उडत नाही, तिला पंख नाहीत. ती पिसवेसारखी उडीही मारत नाही. ती फक्त चालते, मिनिटाला साधारण २३ सेंटिमीटरपर्यंत. तिला सहा पाय असतात आणि प्रत्येक पायाला आकडीसारखी नखी. त्या नखीने ती केस घट्ट पकडते. त्यामुळे एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायला तिला बहुतेक वेळा एकच रस्ता असतो, तो म्हणजे केसाला केस टेकणं. आम्ही पुस्तक वाचताना टेकवायचो, तुम्ही एकाच मोबाइलमध्ये चौघे डोकी घालून बघता तेव्हा टेकवता!

मादी रोज ६ ते ८ अंडी घालते. ती अंडी म्हणजेच लिखा. टाळूजवळ केसाला ती जणू डिंकाने चिकटवते. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही. हा फरक लक्षात ठेवा. साधारण आठ-नऊ दिवसांत लिखेतून पिल्लू बाहेर येतं आणि आणखी नऊ-दहा दिवसांत मोठं होऊन स्वतःच अंडी घालू लागतं. ऊ डोक्यावर महिनाभर जगते. पण डोक्यावरून खाली पडली तर रक्त न मिळाल्याने एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्या-मांजरांच्या अंगावर ती राहत नाही. तिला माणसाचंच डोकं लागतं.

आणि ते डोकं स्वच्छ की अस्वच्छ, याची उवांना काडीची पर्वा नसते. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या केसांतही त्या तितक्याच आनंदाने राहतात. गरीब-श्रीमंत हा भेदही त्यांना नाही. इस्राएलमधल्या लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात एक चिमुकली हस्तिदंती फणी सापडली. साधारण ३७०० वर्षांपूर्वीची! तिच्यावर बारीक अक्षरं कोरली आहेत, हे पुढे लक्षात आलं आणि २०२२ मध्ये ती वाचून प्रसिद्ध झाली. काय असावं त्यात? या फणीने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा जाव्यात, अशी इच्छा! आता हस्तिदंताची फणी काही गरिबाची नसणार. म्हणजे तेव्हाही बड्या घरची माणसं डोकं खाजवत होतीच की.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खाज ऊ चावल्यामुळे लगेच येत नाही. उवेच्या लाळेची आपल्या कातडीला वावडं झालं की खाज सुरू होते. पहिल्यांदा उवा झाल्या असतील तर त्याला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे वर्गात जी सर्वांत आधी डोकं खाजवते, तिनेच उवा आणल्या असं मुळीच नाही. माझ्याकडून मालनला गेल्या, की तिच्याकडून मला आल्या, की तिसरीकडूनच दोघींना मिळाल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, एवढं मात्र नक्की.

मग उवा झाल्या तर काय करायचं? आजी करायची तेच, जरा नियमाने. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावा, नसेल तर तेल चोपडा. त्याने फणी सरकते आणि उवांना पळता येत नाही. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा. मग एकेक बट घेऊन बारीक फणी टाळूपासून टोकापर्यंत ओढा आणि दरवेळी पांढऱ्या कापडावर पुसा. कानामागे आणि मानेवर जास्त लक्ष द्या, तिथे त्यांची वस्ती दाट असते. हे एकदा करून भागत नाही. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करायचं आणि सतराव्या दिवशी पुन्हा तपासायचं. का? तर राहिलेल्या लिखांतून निघालेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत पकडायची असतात. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, बाबांचंसुद्धा!

आता थोडं आई-बाबांशी बोलते. औषधाच्या दुकानात १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं. ते डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून, वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे लावा. त्याने उवा मरतात, पण सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून साधारण नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावावं लागतं. बरेच जण हीच दुसरी वेळ विसरतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. काही ठिकाणच्या उवा या औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत, तेव्हा दुसऱ्यांदा लावूनही जिवंत उवा दिसल्या तर डॉक्टरांकडे जा. अगदी तान्ह्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नका.

रॉकेल कधीही नको. ते पेट घेतं, कातडी भाजते, श्वासातून किंवा पोटात गेलं तर जिवावर बेततं. शेतातली किंवा ढेकणांची औषधंही नकोत. आणि आपल्याकडचा जुना उपाय, सीताफळाच्या बियांची पूड, तोही नको. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. पोरीच्या उवा काढताना तिचे डोळे पणाला लावायचे का? केस कापण्याचीही गरज नाही. गेल्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, चादरी, टोप्या गरम पाण्यात धुवा, फण्या-कंगवे गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. एवढं पुरतं. घरभर फवारणी नको. शाळाही बुडवायला नको. डोक्यातल्या उवांमुळे रोग पसरत नाहीत. त्रास असतो तो खाजेचा. फार खाजवून डोक्यात जखमा झाल्या आणि त्या चिघळल्या तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणि लाजेचं औषध दुकानात मिळत नाही, ते तुमच्याकडेच आहे. मूल येऊन ‘डोकं खाजतंय’ म्हणालं की ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

गेल्या वर्षी मी भाचीकडे गेले होते. तिची मुलगी सातवीत आहे. तिच्या डोक्यात उवा सापडल्या. भाची फणी शोधत होती, तोवर ही फोनवर मैत्रिणीला सांगतही होती, “अगं, माझ्या डोक्यात उवा झाल्यात. तुझं पण बघ हं, आपण परवा एकत्र झोपलो होतो ना!” मग दुसरीला फोन. मग तिसरीला. आवाजात लाज नाही की काही नाही, उद्याचा गृहपाठ सांगावा तसं.

मी तिथे बसून मालनचा विचार करत होते. पुढे दहावीपर्यंत आम्ही एकाच शाळेत होतो. तिचे केस पुन्हा लांब झाले. आम्ही बोलायचो, खेळायचोही. एकदा नदीवर जाताना तिने अचानक विचारलं, “तेव्हा तू बाईंना का नाही सांगितलंस गं?” मी म्हणाले, “भीती वाटली.” ती म्हणाली, “मलापण वाटत होती.” तेवढंच. माफी मागायचं मला सुचलं नाही. ते आज सुचतंय. मालन, तू हे वाचत असशील तर खरंच चुकलं माझं.

बरं, तुमचा आकडा किती झाला? पाच? दहा? घाबरू नका, नुसतं वाचूनही हात डोक्याकडे जातो. पण आज रात्री आईला किंवा बाबांना फणी घेऊन बसायला सांगा. एखादी ऊ सापडलीच तर ती काढा आणि उद्या शाळेत गेल्यावर शेजारी बसणाऱ्याला सांगा, “माझ्या डोक्यात सापडली. तुझं पण बघ.”